फेस न आलेलं रक्त

"मानवजातीचं भवितव्य चोरीला गेलं आहे," डॉक्टरांनी जाहीर केलं.

भवितव्य सतरा काचनळ्यांत होतं आणि प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात राहत होतं. खालच्या कप्प्यात डॉक्टरांचा जेवणाचा डबा. चोराने त्याला हातही लावला नव्हता.

फौजदारांनी फ्रिजचं फुटकं काचेचं दार न्याहाळलं. "किल्ली कुणाकडे?"

"फक्त माझ्याकडे. म्हणून तर हिला काच फोडावी लागली." डॉक्टरांनी हातमोज्यातलं बोट सहायक ताईंवर रोखलं. "बोटाची पट्टी बघा तिच्या. बेड्या घाला आणि न्या. दुपारी तपासणी समिती येतेय, मला वेळ नाही."

"नळी धुताना कापलंय," ताई म्हणाल्या. "आठ वर्षं राबले इथे. नोकरी तर घालवताच आहात, वर तुरुंगही?"

"काचेवर रक्त असेल ना?" फौजदारांनी विचारलं.

"होतं. मी पुसलं," सफाईच्या मावशी म्हणाल्या.

"पुरावा पुसलास? अक्कल गहाण टाकलीस का?" डॉक्टर कडाडले.

"नियम तुमचाच, भिंतीवर तुम्हीच डकवलाय. रक्त दिसलं की आधी पेरॉक्साइड ओता, मग पुसा. ओतलं. तर मेला फेससुद्धा आला नाही. नुसतं काळं पडलं."

"बाटली शिळी असेल," डॉक्टर खेकसले आणि गाल धरून बसले.

"नळ्यांत होतं काय?" फौजदारांनी विचारलं.

डॉक्टरांनी भिंतीला समजवावं तशा सुरात सांगितलं. "प्रत्येकाच्या पेशींत एक जनुक असतं. कॅटलेज नावाचं एन्झाइम बनवण्याची कृती त्यात असते. शरीरात पेरॉक्साइडसारखं जहाल काही तयार झालं, की कॅटलेज त्याचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. जखमेवर पेरॉक्साइडचं औषध फसफसतं ना, तो हाच प्राणवायू. लाखांत एखाद्याचं हे जनुक नासकं निघतं. मी असे सतरा जण शोधले."

"अशा माणसाला त्रास काय होतो?"

"हिरड्यांना फोड येतात. सडतातसुद्धा." डॉक्टरांचा हात पुन्हा गालावर गेला.

"मावशी, ही सतरा माणसं कधी पाहिलीत?"

"दिवसभर दारातच असते मी. सतरा सोडा, अर्धं माणूस फिरकलं नाही."

"तिला काय विचारता?" डॉक्टर तडकले.

फौजदारांनी मावशींची तीच बाटली उचलली. "ताई, पट्टी सोडा."

ताईंच्या बोटावर पांढराशुभ्र फेस उसळला.

"बाटली शिळी नाही, आणि ताई सुटल्या. डॉक्टर, आता तुमचा हातमोजा."

"माझा? कुणाशी बोलताय, कळतंय का?"

"मघाशी चहासुद्धा तो घालूनच प्यालात. काढा."

हातमोजा ओढताच तळव्यावरची चीर उघडली. फौजदारांनी बाटली कलंडवली. फेस आला नाही. रक्त तपकिरी झालं, मग काळं.

"सतरा माणसं नव्हतीच," फौजदार म्हणाले. "सतरा नळ्या, रक्त एकाचंच. तुमचं. समितीने जनुकं जुळवली असती तर तासाभरात बिंग फुटलं असतं. म्हणून नळ्या गायब केल्यात. किल्ली खिशात असताना काच फोडलीत, कारण फोडणारा किल्लीवाला वाटत नाही. हात कापला, तेव्हा ताईंची पट्टी आयतीच सापडली. जन्मभर हे जनुक अभ्यासलंत, पण भिंतीवरचा स्वतःचाच नियम विसरलात."

डॉक्टरांनी तळव्याकडे पाहिलं. "सतरांतला एक तरी अस्सल आहे ना?" ते पुटपुटले.

ताई शांतपणे बोटाला नवी पट्टी बांधत होत्या.

"डॉक्टरसाहेब," मावशी दारातून म्हणाल्या, "जाताच आहात, तर तेवढा डबा घेऊन जा. फ्रिजला वास मारतोय."