नावाचा रकाना

"अरे, थांब ना. मला लिहू तरी दे," रक्ततपासणी केंद्राच्या खिडकीमागे बसलेला तरुण संगणकाची समजूत काढत होता.

मी बाबांना घेऊन आले होते. जरा वाकून पाहिलं, आणि कानशिलं तापली. पडद्यावरचा फॉर्म मी बनवलेला होता. नावाच्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली की खाली नावांची यादी उघडते, ती सोय मीच केली होती... मोठ्या हौसेनं.

"कुणाचं डोकं आहे कोण जाणे," तो पुटपुटला. "आपल्याच मनानं नाव निवडून मोकळं होतं."

"माझं," मी म्हणाले.

त्याची बोटं थांबली. मग डोळे वर आले — हसू दाबताना बारीक होणारे.

"बरं झालं. सापडलं एकदाचं कुणीतरी भांडायला."

"आधी माझं रक्त काढा," बाबा म्हणाले. "भांडण सावकाश होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी बाबांचा रिपोर्ट आला. साखर चारशेच्या वर. रोज टेकडी चढणारा माझा बाप कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मी तशीच तडक केंद्रात गेले.

माझा चेहरा पाहून त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. रिपोर्ट घेतला, रक्ताच्या नळीवरचा नंबर फॉर्मशी ताडून पाहिला, पुन्हा पाहिला.

"हे रक्त तुमच्या बाबांचं नाही. त्याच नावाचे दुसरे गृहस्थ तासाभरानं आले होते. त्यांना साखरेचा जुना त्रास आहे. मी नाव लिहून एंटर दाबलं आणि यादीतलं पहिलं नाव लागलं... तुमच्या बाबांचं."

"आणि बाबांची साखर?"

"अठ्ठ्याण्णव."

मी बाकावर बसलेच. हसू आलं, आणि त्याच्यामागून रडू. त्यानं पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोरच त्या गृहस्थांना फोन लावून सगळं सांगितलं, माफी मागितली. मी बाबांना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा वदवून घेतला, आणि फोन ठेवून मी पुन्हा त्याच्याकडे वळले.

"चूक माझी," मी म्हणाले. "पहिलं नाव आपोआप निवडायचं, हे मी ठरवलं होतं. तुमचे दोन सेकंद वाचावेत म्हणून."

"एंटर मी दाबलं."

"तुम्हाला दाबायला लावलं मी."

"बघा — भांडण सुरू झालंच."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसू लागले. तो लिहायचा, मी बघायचे — कुठे अडतो, कुठे वैतागतो. रात्री घरी फॉर्म सुधारायचे. आता तो स्वतः निवडल्याशिवाय कुठलंच नाव लागत नव्हतं. प्रत्येक नावापुढे वय आणि फोनचे शेवटचे चार आकडे दिसत होते. यादी नको असेल तर त्यानं लिहिलेलं जसंच्या तसं राहत होतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी माणूस सापडत होता. लिहिताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं, आणि दोघांनाही स्टूल सरकवायचं सुचत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यानं हात मांडीवर ठेवले.

"आता तक्रारीला काही उरलं नाही."

"मग तोंड का पाडलंय?"

"उद्यापासून तुम्ही येणार नाही म्हणून..." तो पडद्याकडेच बघत राहिला. "मला तुम्ही आवडता. आधी बोललो असतो. पण ज्याच्या हातून तुमच्या बाबांच्या जिवाला घोर लागला, त्यानं हे कुठल्या तोंडानं बोलायचं?"

"बाबा रोज विचारतात, तो भांडकुदळ काय म्हणतोय."

"आणि तुम्ही?"

मी स्टूल त्याच्याकडे वळवलं. आता मागे फिरणं नव्हतं.

"फॉर्म परवाच पुरा झाला होता," मी म्हणाले.

"मग दोन दिवस तुम्ही तपासत काय होतात?"

मी माझं कोपर त्याच्या कोपराला टेकवलं. त्यानं एवढा लांब श्वास सोडला की पलीकडच्या नर्सबाईंनी वळून बघितलं... आणि खिडकीशी आलेल्या माणसाला सांगितलं, "जरा पाच मिनिटं बसा."