ठमीची चिप

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत आम्ही दोघंच होतो. मी, आणि थर्माकोलचा डबा छातीशी धरून उभा असलेला एक उंच, अवघडलेला माणूस. सारखं घड्याळ बघत होता.

"आइस्क्रीम वितळेल म्हणून एवढी काळजी?" मी विचारलं. दवाखान्यातल्या खुर्चीत रात्री काढल्या की माणसाला कशावरही विनोद सुचतात.

तो हसला... ओठांनीच. "आइस्क्रीम असतं तर तुम्हाला दिलं असतं."

"मग काय आहे?"

"गाठीचा तुकडा. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीचा. पेशी जिवंत आहेत तोवर प्रयोगशाळेत पोचायला हवं."

मी कठडा धरला. "आज तिथे एकाच मुलीचा तुकडा काढलाय. ती माझी धाकटी बहीण आहे."

लिफ्ट सुरू झाली, दार उघडलं, आणि तो बाहेर पडायचंच विसरला. "माफ करा," एवढंच म्हणाला. मीच त्याला ढकललं. "पळा ना. पेशी..."

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला वॉर्डात आला. आमच्या ठमीनं त्याला समोर बसवून सगळं वदवून घेतलं. काचेच्या पट्टीएवढी चिप. तिच्यात केसाहून बारीक नळ्या. त्यांत ठमीच्या गाठीच्या पेशी जगवायच्या आणि प्रत्येक नळीत वेगळं औषध सोडायचं. कुठल्यानं मरतात, ते बघायचं.

"म्हणजे आधी मार त्यांनी खायचा, मग मी," ठमी म्हणाली. "चालेल. पण निकाल ताईला येऊन सांगायचा. तिला समजावून सांगितलेलं आवडतं."

मी तिला चिमटा काढला. त्याचे कान लाल झाले.

मग तो येतच राहिला. कधी रक्ताचा थेंब न्यायला, कधी नुसताच. आईला दुपारी वॉर्डात बसवून मी खाली कँटीनमध्ये जायची, तर तो आधीच दोन कप घेऊन बसलेला असायचा.

"तुम्हाला काही कामधाम असतं की नाही?" मी विचारायची.

"असतं ना. नळीत बुडबुडा अडकला की सगळी मेहनत पाण्यात. दिवसभर बुडबुडे हाकलतो."

"पगार देतात याचा?"

"थोडासा. म्हणून चहाच पाजतो."

मी हसायची, आणि लगेच मनात काहीतरी टोचायचं. वर ती ओकाऱ्या काढतेय आणि मी इथे...

एका दुपारी मात्र तो कपातच बघत बसला.

"निकाल आला?"

"अहवाल डॉक्टरांकडे जाईल. तेच सांगतील—"

"डॉक्टर गोड बोलतील. तुम्ही सांगा."

त्यानं कप बाजूला सारला. "एकही औषध लागू पडत नाहीये," अखेर म्हणाला. "मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. तिला सध्या देताहेत तेही नाही. पेशी वाढतच आहेत."

मी रडले नाही. टेबलावरचा त्याचा हात घट्ट धरला, आणि कपातल्या चहावर साय धरेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनीही दोन दिवसांनी तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. ठमीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सुया थांबवा. मला घरी न्या."

घरी तिला खिडकीपाशी झोपवलं. तो संध्याकाळी यायचा आणि तिच्याकडून पत्त्यांत हरायचा. एकदा तो गेल्यावर ती म्हणाली, "ताई, हा पत्ते बघतच नाही गं. तुझ्याकडे बघतो. माझ्या जिंकण्यात काही राम उरला नाही."

"गप्प बस."

"बसेनच आता. तू मात्र बसू नकोस."

थंडी सरता सरता ठमी गेली. सकाळी, आई तिचे केस विंचरत असताना.

पुढे बरेच दिवस तो आला नाही. आला तो दारातच उभा राहिला. "एक विचारायचंय. तिच्या पेशी... चिपमध्ये अजून जिवंत आहेत. काय करायचं, ते तुम्ही सांगा."

मी त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बारीक नळीत गोल, चकचकीत ठिपके दाटीवाटीनं बसले होते. ठमीचं या जगात उरलेलं एवढंच जिवंत होतं, आणि यांनीच तिला मारलं होतं.

"त्यांना अन्न पोचवणारा हा पंप बंद केला की उद्यापर्यंत संपतील," तो म्हणाला. "म्हणाल तर आत्ता करतो."

"आणि नाही केला तर?"

"नवीन औषधं करून बघता येतील. अशीच गाठ असलेलं कुणी पुढे आलं तर..."

माझा हात बटणापर्यंत गेला होता. तो मागे घेतला. "यांना मारायचं कसं, ते आधी शोधा. तोवर बंद करू नका."

त्यानं मान हलवली. बाहेर पडताना जिन्यात थांबला. "मी ठरवलं होतं, हे सगळं संपलं की तुमच्याशी बोलायचं..."

"हे संपायचं नाही," मी म्हटलं. "काय ते आत्ताच बोला."

तो दोन पायऱ्या खाली होता, म्हणून आमचे डोळे अगदी समोरासमोर आले.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "रडणारी, न रडणारी... कशीही."

तेव्हा कुठे मला रडू आलं. तिथेच, त्याच्या खांद्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवून.