चिमणीचे हात

खोटं वाटेल, पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

आणि हे रात्री-अपरात्री घडलेलं नाही. भरदुपारी घडलं, मालिकेच्या सेटवर, सगळ्या युनिटच्या डोळ्यांदेखत.

माझ्या दोन मामेबहिणी. थोरली ताई, धाकटी चिमणी. ताई दिसायला देखणी, पण सुरांशी तिचं हाडवैर. चिमणी मात्र पियानो असा वाजवायची, की ऐकणारा हातातलं काम विसरायचा. वादक व्हायचं, एवढंच तिचं स्वप्न.

काम मिळालं ते ताईला. घरच्यांशी भांडून पियानो शिकणाऱ्या मुलीची मालिका होती. ताईला तर साधी पट्टी दाबता येईना.

मग युक्ती काढली. ताईला एक मोठा सैल कोट घालायचा. तिचे स्वतःचे हात आत, पाठीमागे. चिमणी त्याच कोटात शिरून, ताईच्या पाठीला चिकटून गुडघ्यांवर बसायची आणि बाह्यांतून हात बाहेर काढून वाजवायची. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.

"पडद्यावर माझं नाव कधी येणार गं?" चिमणी विचारायची.

"हातांना कुठे नाव असतं?" मामी म्हणायची.

कामापुरता मामा असतो म्हणतात. आमची मामी कामापुरती आई होती.

एकदा चिमणीला सणसणून ताप भरला. मामी म्हणाली, "एवढा शॉट होऊ दे, मग झोप हवी तेवढी." दिव्यांच्या उकाड्यात पोर कोटात शिरली.

वाजवता वाजवता बोटं थांबली...

ताईने कोपराने ढोसलं. "वाजव ना!"

पुन्हा ढोसलं.

कोट उघडला तेव्हा चिमणी गेलेली होती.

मालिका तशीही आपटलीच होती. वाहिनीने गाशा गुंडाळायला सांगितला. शेवटचा भाग तेवढा उरला, त्या मुलीची मोठी मैफल. शूटिंग बघायला एक बडा निर्माता येणार होता, नव्या मालिकेसाठी ताईला पाहायला. हे हुकलं असतं, तर ताईला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

"आई, तो कोट नको गं," ताई रडकुंडीला आली.

"डोळे सुजवू नकोस. क्लोजअप आहे."

हातांसाठी नवी मुलगी ठरवली होती, पण तिचा पत्ता नव्हता. दिग्दर्शक वैतागला. "आधी चेहरा उरकू. हात नंतर बघू." मग बाह्यांत कापूस भरून त्या पियानोवर ठेवल्या. ताईचे हात नेहमीसारखे मागे गेले. ड्रेसवाल्याने वरपासून खालपर्यंत बटणं लावली.

"ॲक्शन!"

टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता.

तो पियानो नुसता सांगाडा होता. आत तारा नव्हत्या, सूर नंतर भरायचे.

टक...

टक टक...

पट्ट्या दाबल्याचा कोरडा, लाकडी आवाज.

ताईला वाटलं, कोणीतरी चाळा करतंय. मग पाठीला ऊब लागली...

मग चटका.

मागे धरलेल्या तिच्या हातांना काहीतरी लागलं. एक बारीक कंबर. तापाने फणफणलेली.

खाली बघायची ताईची छाती होईना.

"अरे, आली वाटतं ती मुलगी!" दिग्दर्शक हरखून ओरडला. "हात घ्या, हात घ्या!"

कॅमेरा खाली झुकला. टक टक वाढत गेली. ताईला किंचाळायचं होतं. पण कॅमेऱ्याच्या शेजारी मामी उभी होती, आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी सांगत होती... हस.

ताई हसली.

शॉट संपला. सेटवर टाळ्या पडल्या. ड्रेसवाल्याने बटणं काढली.

आत ताईशिवाय कोणीच नव्हतं.

बाह्यांतला कापूस खाली पडला. घामाने चिंब भिजलेला.

तेवढ्यात फाटकावरून निरोप आला. हातांची मुलगी आत्ता पोचली होती.

मामीचा चेहरा पांढराफटक पडला. निर्माता मात्र खुशीत पुढे आला. "चेहरे काय, पैशाला पासरी मिळतात. हे हात कोणाचे? ती मुलगी मला आणून द्या. नावासकट घेतो."

आता आई सगळं सांगून टाकेल, असं ताईला वाटलं.

मामीने कपाळावरचा घाम पुसला. "आणते की," ती म्हणाली. "माझीच मुलगी आहे."

हे सगळं मला ताईनेच सांगितलं. तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. म्हटलं, बहिणीच्या दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. दुपारचीच वेळ, पण खिडक्यांचे पडदे ओढलेले. मामीने दार अर्धंच उघडलं.

"हळू बोल. आत रियाज चाललाय."

टक... टक टक...

फटीतून ताई दिसली. जेवणाच्या टेबलाशी बसली होती, तोच कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. गालफडं बसलेली. टेबलावर पियानो नव्हता, काहीच नव्हतं. तिचे हात मागे होते, तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

आणि बाह्या हलत होत्या...

"आईला सांग ना गं," ताई मला म्हणाली. "तिला जायचंय. आई सोडत नाही."

मामीने दार लावून घेतलं. मी जिना उतरायला लागले, तेव्हा आतून मामीचा आवाज आला. अगदी शांत.

"पुन्हा. पहिल्यापासून."

मी मागे वळून पाहिलं नाही. अजूनही त्या बाजूला काम निघालं, तर मी लांबून वळसा घालून जाते.