अर्धं धुतलेलं अंगण

त्या शनिवारी दुपारी हेस्टर चीज-कांद्याचा पॅटिस आणि चहाचा थर्मास घेऊन थॉर्न रोडच्या कोपऱ्यावर पोहोचली, तेव्हा तिच्या वडिलांनी फरशी धुण्याचं यंत्र बंद केलं होतं. बेरिल हॉवर्थच्या घरापुढचं, गाडी उभी करायचं फरसबंद अंगण डावीकडे मधासारखं उजळलं होतं. उजवीकडे मात्र ते शेवाळ आणि धूर मुरून डांबरासारखं काळं होतं. मधोमध सरळ रेघ.

"उरलेलं कधी?" तिने विचारलं.

"पुढच्या शनिवारी. उद्या सगळी गल्ली चॅपलला प्रार्थनेसाठी इथूनच जाणार. ही रेघ म्हणजेच माझी जाहिरात," क्लिफर्ड ऑर्मरॉड पॅटिस खात म्हणाला. बस चालवायची नोकरी गेल्यावर त्याने दाबाच्या पाण्याने अंगणं धुण्याचा धंदा काढला होता. पहिली गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून हे अंगण त्याने फुकट धुवायला घेतलं होतं.

समोरच्या डकवर्थने कुंपणावरून आवाज दिला, "काय गं बेरिल, इतकी वर्षं या चिखलातून घरात जात होतीस होय?" येणारे-जाणारे हसले. बेरिलही हसली आणि तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. अंधार पडेपर्यंत निम्म्या गल्लीने क्लिफर्डला काम सांगितलं होतं.

रविवारी सकाळी धुतलेल्या भागावर नारिंगी डाग उठले. घासून जाईनात, पाण्याच्या माऱ्याने जाईनात. आपण साध्या पाण्याशिवाय काही वापरलं नाही, असं क्लिफर्ड दारोदार सांगत फिरला. दुपारपर्यंत सगळी कामं रद्द झाली. मंगळवारी तो व्हॅनमध्ये बसल्या जागी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अंत्यविधी उरकल्यावर हेस्टर खाजगी तपासनीस विनिफ्रेड किर्ककडे गेली. किर्कबाईंचा सहकारी नॉरिस, निवृत्त हवालदार, शेजारी चहा ढवळत होता.

"ते डाग पाडणाऱ्याचं नाव हवंय मला," हेस्टर म्हणाली.

"आणि नाव मिळाल्यावर?"

"त्या माणसाला थॉर्न रोडवर मान वर करता येऊ नये. बाकी काही नको."

किर्कबाईंनी कोट उचलला.

नॉरिसचा संशय खिडक्या पुसणाऱ्या शार्पल्सवर होता. थॉर्न रोड त्याचा इलाका, आणि दुसऱ्याच्या इलाक्यात दारं ठोठावायची नाहीत हा या धंद्यातला अलिखित नियम. क्लिफर्डला आपण चार शब्द सुनावले, हे शार्पल्सने लगेच कबूल केलं. विटांवरचं सिमेंट काढायचं आम्ल त्याच्या गाडीत होतं, तेही त्याने लपवलं नाही. "पण ते फरशी पांढरी जाळतं, बाई," तो म्हणाला. "आणि ऑर्मरॉडला बुडवायचंच असतं, तर मी त्याच्याहून स्वस्तात धुऊन दिलं असतं."

डकवर्थच्या हिरवळीवर मेलेल्या शेवाळाचे काळे ठिपके होते. शेवाळ मारायची भुकटी आपण दर वर्षी टाकतो, मोठी पिशवी आणतो आणि शेजाऱ्यांना वाटतो, असं त्याने अभिमानाने सांगितलं. थट्टेचं विचारलं तर म्हणाला, थट्टाच ती, बेरिलने काही मनाला लावून घेतलं नाही. फक्त नेहमी गॅरेजमध्ये असणारी गाडी ती तेव्हापासून अंगणात ठेवते.

बेरिलने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. क्लिफर्डने पाण्यात काहीतरी घातलं असणार, नाहीतर डाग धुतलेल्याच भागावर कसे पडले, असं तिचं म्हणणं. मग सगळे बाहेर अंगणात आले. गाडी काळ्या भागावर उभी होती, तिच्या शेजारी कचऱ्याचे डबे. दाराजवळच्या हातभर हिरवळीवरही शेवाळ काळं पडलं होतं.

"या गल्लीत शेवाळाची साथ आलीय वाटतं," नॉरिस म्हणाला.

"मिसेस हॉवर्थ, ऑर्मरॉडचं राहिलेलं काम त्याची मुलगी पूर्ण करून देईल," किर्कबाई म्हणाल्या. "गाडी तेवढी काढा."

"राहू दे. मला तसंच चालेल."

"या काळ्याची लाज वाटते म्हणून तुम्ही त्यावर गाडी लावता, आणि फुकट धुऊन मिळतंय तर नको म्हणता?"

लोक थांबून बघायला लागले होते. बेरिलने गाडी काढली.

रस्त्यात वडिलांच्या व्हॅनपाशी थांबलेल्या हेस्टरने त्यांचं यंत्र सुरू केलं. काळं पाणी गटाराकडे धावू लागलं. खालची फरशी उजळत गेली आणि तिच्यावर एकामागून एक नारिंगी पावलं उमटत आली. सपाट, छोटी, सपातांची. रेघेपासून निघून ती थेट बेरिलच्या उंबऱ्याशी थांबत होती.

"शेवाळाच्या भुकटीत लोह असतं," किर्कबाई नॉरिसला म्हणाल्या. "ओल्या फरशीवर पडलं की गंजतं. आम्ल असतं तर डाग पांढरे असते, म्हणजे शार्पल्स सुटला. डाग धुतलेल्याच भागावर आहेत, म्हणून सगळ्यांनी धुण्याला दोष दिला. पण काळ्यावर डाग दिसणार कसे? भुकटी टाकणाऱ्याच्या तळव्यांनाही ती चिकटणारच; तो परत कुठे गेला, ते काळ्याखालीच असणार होतं. डकवर्थ असता तर पावलं रस्त्याकडे गेली असती. आणि बेरिलला फरशी धुवायलाच नको होती."

"पण तिचंच अंगण..."

"तिच्याच घाणीची जाहिरात झाली होती, नॉरिस. तिला न विचारता."

बेरिल दारात उभी होती. "मी त्याला मदत म्हणून जागा दिली," ती म्हणाली. "त्याने मला आठवडाभरासाठी प्रदर्शनात मांडलं. त्याचंही हसं व्हावं, एवढंच वाटलं होतं. तो मरेल असं कुठे..." तिने हेस्टरकडे पाहिलं. "हे निघतं का गं, पोरी?"

"निघतं. औषध डॅडच्या व्हॅनमध्ये आहे." हेस्टर पाइप गुंडाळू लागली. "ते मी देणार नाही. उद्या रविवार आहे. लोक येतील."

डकवर्थ टोपी हातात घेऊन पुढे आला. तुझ्या वडिलांवर आम्ही अन्याय केला, असं काहीसं पुटपुटला. हेस्टरने त्याला बोलू दिलं. मग ती ताठ उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, ऑर्मरॉडांच्या घरात कधी कुणी कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

"माझं फार प्रेम होतं त्यांच्यावर."