मयताचा रकाना

तो दिवा मालव, डोळ्यांवर येतो. आणि तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्ये दात काढलेस तर मी उठून जाईन. ही कुठल्या पुस्तकातली गोष्ट नाही. आपल्या वरच्या मजल्यावरचे हेडसाहेब, जे हल्ली कोणाला दार उघडत नाहीत, त्यांच्यावर खरंच ओढवलेली आहे. मागच्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे साडेनऊ.

हेडसाहेब पेन्शन ऑफिसात पंचिंगचे प्रमुख होते. पंच कार्ड तुम्ही कुठून पाहणार! तुमच्या पेनड्राइव्हचा खापरपणजोबा तो. माणशी एक जाड कागदाची पट्टी, आणि तिच्यात मशीनने पाडलेली उभी चौकोनी भोकं. नाव, नंबर, वय, सगळं त्या भोकांत. शेवटच्या रकान्यात भोक पडलं की माणूस मयत, पेन्शन बंद. आणि पडलेलं भोक बुजवता येत नाही, कार्डच नवं करावं लागतं.

पाणीखात्यातला एक रिटायर फिटर एकदा काउंटरवर ताटकळून वैतागला आणि सगळ्यांदेखत साहेबांना म्हणाला, "खुर्ची उबवायचा पगार घेता का हो?" मशीनवरच्या मुली फिसकन हसल्या. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी स्वतः बसून फिटरच्या कार्डात ते एक भोक पाडलं.

फिटर वर्षभर खेटे घालत होता. "साहेब, मी जिवंत आहे हो." साहेब चष्मा पुसत म्हणायचे, "दिसताय खरे. पण कार्ड तसं म्हणत नाही." शेवटी औषधावाचून गेला बिचारा. माझ्या तोंडून या साहेबाबद्दल एक चांगला शब्द निघणार नाही, सांगून ठेवतो.

आता ऑफिसची ती जुनी इमारत पाडायची ठरली. नव्या अधिकारी बाईंना थोडी कार्डं काचेत मांडायची होती, त्यांनी निवडायला साहेबांना बोलावलं. बोलावणं सकाळचं, साहेब गेले आदल्या रात्री. कारण फिटरच्या कार्डावर मयताची तारीखही होती, माणूस खरा मेला त्याच्या वर्षभर आधीची. कोणी वाचली असती तर अब्रू चव्हाट्यावर आली असती.

वॉचमन जुना ओळखीचा. त्याने तळघर उघडून दिलं आणि तो चहाला गेला. साहेबांनी ट्रे ओढला, कार्ड शोधलं, बारीक तुकडे करून खिशात कोंबले. हुश्श करून ते वळले.

मागे आवाज झाला. खट्.

कोपऱ्यातलं पंचिंग मशीन. त्याची वायर कधीच कापून नेलेली होती.

खट्... खट्...

स्टुलावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात पाणीखात्याचा निळा डगला.

"कोण आहे?"

मशीनमधून अर्धं कार्ड बाहेर आलं होतं. साहेबांना भोकं अक्षरांसारखी वाचता यायची. त्यांनी वाचली. नाव त्यांचं. नंबर त्यांचा. वय बरोबर. शेवटचा रकाना तेवढा कोरा.

"चुकलं माझं... नवं कार्ड करून देतो... आत्ता देतो..."

पाठ हलली नाही.

"अहो, मी जिवंत आहे हो!"

मग तो बोलला. हळू. अगदी साहेबांच्याच आवाजात.

"दिसताय खरे."

खट्.

वॉचमनला साहेब जिन्यात सापडले, हे सगळं बरळत. अंगावर ओरखडा नाही. मशीनवर बोटभर धूळ होती, आणि स्टूल तळघरात नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात सून त्यांना हयातीच्या दाखल्याला घेऊन गेली. अंगठा लागेना. दहाही बोटं लावून झाली. "वयाने रेषा झिजतात, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली, "डोळ्यांचा फोटो घेऊ." घेतला. मुलगी स्क्रीनकडे बघतच राहिली. मग खुर्ची मागे सारून उठली आणि सुनेला म्हणाली, "ताई... तुम्हीच बघा."

त्याची प्रिंट मी पाहिली आहे. सून रडत घेऊन आली होती. दोन्ही बुबुळांच्या मधोमध एक उभी, बारीक, चौकोनी फट. कडा अगदी साफ. आणि त्या फटींतून त्यांच्या पाठीमागची भिंत दिसत होती... भिंतीवरच्या घड्याळासकट.