उजवा मोती

पहिल्याच भेटीत धर्मराज भोईरने उत्कर्षाच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर शिंपल्यातलं पाणी उडवलं. मुद्दाम नाही हो... सुरी जरा जोरात फिरली, शिंपला पटकन उघडला आणि खारट वासाची एक पिचकारी थेट तिच्या बाहीवर.

“सॉरी, सॉरी मॅडम! लिंबू लावू? लिंबू हाय माझ्याकडं.”

“कुर्त्याला लिंबू? मी काय पापलेट आहे?”

त्याने मान वर केली आणि हसला. समोरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. उत्कर्षा नेरूळच्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायची, त्यामुळे माणसाचा चेहरा ती दातांपासून वाचायला सुरुवात करी. असे दात दिसले की ते सरळ करायला तिचे हात शिवशिवत. हे मात्र असेच राहावेत असं तिला वाटलं, आणि असं का वाटलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

मे महिना होता. शर्मिला मावशी दरवर्षीप्रमाणे साताऱ्याहून सुट्टीला आली होती, आणि दरवर्षीप्रमाणे तिला सगळं बघायचं होतं. नेरूळच्या मैदानावर आनंदमेळा लागला होता. आकाशपाळण्याला मावशीने लांबूनच हात जोडले, पण ‘शिंपला निवडा, मोती तुमचा’ ही पाटी वाचल्यावर ती जागची हलेना. पाण्याने भरलेला निळा टब, त्यात खरबरीत शिंपले, आणि टबामागे बाह्या दुमडलेला धर्मराज. आपण एक शिंपला उचलायचा, त्याने तो उघडायचा, आत ज्या रंगाचा मोती असेल तो आपला. मावशीला गुलाबी निघाला. त्यावर मीठ चोळून त्याने तो असा चमकवला की मावशी म्हणाली, “कानातलं करीन! पण मग जोडीला दुसरा गुलाबीच पायजे की.”

झालं. रोज संध्याकाळी मावशी तयार, आणि सोबतीला उत्कर्षा. दुसऱ्या दिवशी पिवळसर निघाला, तिसऱ्या दिवशी निळसर. मावशी दर वेळी टबात कोपरापर्यंत हात घालून असा काही शोध घ्यायची की मागची रांग कंटाळून भेळ खाऊन परत यायची. तेवढा वेळ उत्कर्षा उभी. तिसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी फॅनखाली एक स्टूल आलं. ते कुणी ठेवलं, कुणी बोललं नाही.

“सगळ्यात मोती असतोच ना?” तिने एकदा विचारलं. “मग निवडायचं काय असतं त्यात?”

“मोती असतो. रंग कुठं ठरलेला असतो?” तो शिंपला पुसत म्हणाला. “मला पन नाय कळत बाहेरून. तुमी काय करता, मॅडम?”

“दात बनवते.”

“म्हंजे तुमी पन तोंड उघडून मोतीच बगता!”

“बघत नाही, बसवते. आणि मॅडम नको. उत्कर्षा.”

“उत्कर्षा...” त्याने ते नाव असं सावकाश उच्चारलं की तिने उगाचच ओढणी सारखी केली.

तो जवळच्याच शिरवण्याचा. कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट, आणि सुट्टीत हा स्वतःचा स्टॉल. त्याची आई खाडीतली कालवं फोडण्यात पटाईत होती, आणि लेकाचा हा धंदा बघून म्हणाली होती, “फोडतस नि खात नाय? कसला रं धंदा ह्यो!” हे सांगताना तो आईचा आवाज असा हुबेहूब काढायचा की उत्कर्षा स्टुलावरून पडायची बाकी राहायची. घरी जाताना ती हसू आवरत चालायची, आणि मावशी पिशवीतले जोडी न जुळलेले मोती चाचपत तिच्या पुढे.

आता मावशी नुसती मोत्यांसाठी आली नव्हती. तिच्या नणंदेचा मुलगा शिवतेज हे स्थळ ती घेऊन आली होती. मुलगा साताऱ्यात इंजिनिअर, घरची शेती, स्वभावाने गरीब. उत्कर्षा त्याच्याशी फोनवर बोलली होती. त्याने “जेवलात का?” विचारलं, तिने “हो, तुम्ही?” विचारलं, आणि मग दोघांनीही शांतपणे गरमीबद्दल बोलून घेतलं. मुलात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. मावशी रविवारी सकाळी परत जाणार होती आणि जाताना होकार घेऊन जाणार होती. आईने, म्हणजे मुक्ताबाईंनी, तसा शब्दच दिला होता.

शुक्रवारी उत्कर्षाने धर्मराजला सांगितलं, “मावशी परवा चाललीये.”

“मग... तुमी पन नाय येनार?”

“यायला काहीतरी कारण लागेल ना मला.”

 तो हातातला मोती मिठात चोळत राहिला. ज्या बाईंचा होता त्या शेवटी वैतागून म्हणाल्या, “अहो भाऊ, झिजून जाईल तो!” तेव्हा कुठे तो भानावर आला. उत्कर्षाने ते पाहिलं, आणि घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं. लग्न करायचं तर ह्याच्याशी. तो बोलत नसेल तर आपण बोलायचं, पण आधी आईशी. कारण आईला बाजूला ठेवून मिळालेलं सुख तिला पचलं नसतं, हे ती ओळखून होती.

शनिवारी संध्याकाळी मुक्ताबाईही मेळ्यात आल्या. स्टॉलसमोर मावशी शेवटचा प्रयत्न म्हणून टबात हात घालून बसली होती. उत्कर्षाने श्वास घेतला. “आई, मला बोलायचंय.”

“हो का नाही, तेवढंच बोल.”

“नाही.”

मावशीचा हात पाण्यातच थांबला. “का गं बाई? काय वाईट हाय पोरात?”

“काही वाईट नाही, मावशी. पण मला...”

“पण-बिण काय नाही,” मुक्ताबाई म्हणाल्या. “तुझं हो-नाही करता करता तीन स्थळं गेली. आता तुझ्यावरही नको आणि माझ्यावरही नको. भैरोबालाच विचारू. माझं लग्न त्याच्या कौलावर ठरलं, वाकडं झालं का काही?”

गावच्या देवळात गुरव देवाला फुलाच्या कळ्या लावतो. उजवीकडची पडली तर देवाचा होकार, तो उजवा कौल. डावीकडची पडली तर नकार. उत्कर्षाने लहानपणी हे पाहिलं होतं. “इथे कुठला गुरव आणलास?” ती म्हणाली.

“देवाला काय, फूलच लागतं असं नाही.” मुक्ताबाईंनी टबाकडे बोट केलं. “त्याचं नाव घेऊन ह्यातला एक उचल. पांढरा मोती निघाला तर उजवा कौल, शिवतेजला होकार. दुसरा कुठलाही रंग निघाला तर डावा, मी परत नाव काढणार नाही. चालेल?”

टबापलीकडे धर्मराजच्या हातातून चिमटा खाली पडला. तो घ्यायला तो वाकला, आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. नमुन्याच्या मोत्यांचा डबा त्याने उघडला, मिटला, आणि उगाच फडका शोधल्यासारखं केलं. सगळं ऐकलं होतं त्याने.

उत्कर्षा मात्र एकदम शांत झाली. आई जिद्दी होती खरी, पण लेकही तिचीच होती ना?

“आई, कौलात प्रश्न कोण विचारतं?”

“म्हणजे काय? ज्याचा हात त्याचा प्रश्न. दुसऱ्यानं मधे तोंड घालायचं नसतं. मनात विचार आणि उचल.”

“चालेल. मी उचलते. पण जे येईल ते तूही मानायचं.”

“भैरोबाचा शब्द मी मोडीन का गं?” मुक्ताबाई दुखावल्याच.

उत्कर्षाने ओढणी कमरेला खोचली आणि डोळे मिटले. पाळण्याचा कर्कश भोंगा, मक्याच्या कणसांचा भाजका वास, आईच्या बांगड्यांची अस्वस्थ किणकिण... सगळं जरा मागे सरलं. तिने मनात प्रश्न विचारला, नीट, नावानिशी. मग गार पाण्यात हात घातला आणि बोटांना लागला तो पहिलाच शिंपला उचलून धर्मराजसमोर धरला.

“उघड.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “दुसरा घ्यायचाय का? अजून येळ हाय...”

“हाच.”

त्याने शिंपला घेतला. एरवी सराईतपणे चालणारा त्याचा हात आज अवघडल्यासारखा चालत होता. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं त्याने घट्ट मिटून घेतली होती आणि उरलेल्या बोटांनी कसाबसा शिंपला धरला होता. सुरी दोनदा सटकली. उत्कर्षाला वाटलं, कापलं की काय ह्याचं बोट. शेवटी शिंपला उघडला. त्याने अंगठ्याने आतलं मांस दाबलं, क्षणभर थांबला, तिच्याकडे पाहिलं... आणि हळूच हात पुढे केला.

मोती पांढरा होता. दुधासारखा पांढरा, कुठेही दुसऱ्या रंगाची छटा नाही.

“उजवा!” मावशीने टाळी वाजवली. “मुक्ताक्का, उजवा कौल! आताच फोन लावते नणंदेला.”

धर्मराजने मान खाली घातली आणि मिठाची वाटी जवळ ओढली. त्याचं काम तेवढंच होतं ना, मोती चमकवून द्यायचा.

“मावशी, फोन ठेव,” उत्कर्षा म्हणाली.  “मी शिवतेजचं विचारलंच नाही.”

“मग काय विचारलंस?”

“मी विचारलं, ह्या धर्मराज भोईरशी लग्न करू का? देव हो म्हणाला.”

मिठाची वाटी टबात पडली. मावशीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मुक्ताबाईंनी आधी लेकीकडे, मग मोत्याकडे, मग टबामागच्या त्या घामेजलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि एक लांब श्वास सोडला.

“फसवलंस की गं मला.”

“फसवलं नाही. ज्याचा हात त्याचा प्रश्न. तूच म्हणालीस.”

“आणि काळा निघाला असता म्हणजे?”

“तर उद्या परत उचलला असता. परवा परत. पांढरा निघेपर्यंत.”

“मग मेले, कौल लावलास तरी कशाला?”

“तुझ्यासाठी, आई. माझं कालच ठरलं होतं.”

 मुक्ताबाईंनी रागावावं तर देव आडवा येत होता, आणि देवाला मधे त्यांनीच आणलं होतं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग धर्मराजकडे वळल्या. “घर कुठं तुझं?”

“शि... शिरवण्याला.”

“म्हणजे रिक्षानं माहेरी येईल ही.” हे त्यांनी स्वतःशीच म्हटलं, आणि लगेच आवाज चढवला. “देवाला विचारलं, मला सांगितलं, ह्याला कुणी विचारलंय का? तू मुका आहेस का रे? माझी पोरगी चारचौघांत बोलून मोकळी झाली. तुझं काय?”

आता उत्कर्षाच्या ध्यानात आलं. खरंच की... त्याला तिने विचारलंच नव्हतं. फॅनखालचं स्टूल आणि झिजत आलेला तो मोती, एवढ्याच भांडवलावर ती देवापर्यंत जाऊन आली होती. त्याने नाही म्हटलं तर?

धर्मराजने डावी मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर एक काळाभोर मोती होता, घामाने ओला.

“नमुन्याच्या डब्यातला हाय,” तो मुक्ताबाईंना म्हणाला. “तुमची अट ऐकली नि घेतला. पांढरा निघाला तर गुपचूप हा दाखवनार होतो. म्हंजे... तो शिवतेज कटाप.”

“लबाडी? देवाच्या कौलात?”

“हो काकी. चुकलंच.”

“मग दाखवला का नाहीस?” हे उत्कर्षाने विचारलं, अगदी हळू.

“तू डोळे मिटून एवढं मनापासून विचारत होतीस...” तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला. “वाटलं, ते काय असंल ते तुजं हाय. आपल्याला तू पायजे, लय पायजे, पन तुजं उत्तर बदलून नको. हातच उचलला नाय.”

उत्कर्षाने त्याच्या तळहातावरचा काळा मोती उचलला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हसूही आवरत नव्हतं.

“आणि हा दाखवला असतास तर रे? माझा कौल डावा पडला असता. तूच तुझ्या हाताने मला नकार दिला असतास, येड्या!”

आधी धर्मराजला कळलंच नाही. मग कळलं, आणि तो मटकन स्टुलावर बसला. त्याचा तो चेहरा बघून सगळ्यांत आधी मुक्ताबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

“उठ,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “उद्या सकाळी आईला घेऊन घरी ये. आणि येताना मूठ रिकामी ठेव.”