एकोणचाळीसचा गुन्हा

"मला खोटारडी म्हणाले, मॅडम. सगळ्या डिपार्टमेंटसमोर!"

ज्ञानेश्वरी रडत नव्हती. ती संतापली होती. खासगी तपासनीस वैजयंती भोपी यांनी तिला आपल्या सानपाड्याच्या ऑफिसात बसवलं. त्यांचे सहकारी दिलीपराव, निवृत्त बँक अधिकारी, वही उघडून बसले.

ज्ञानेश्वरी खारघरच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. नावड्याच्या एका बांधावर तिला जाड पानांचा, मोठ्या फुलांचा तीळ सापडला होता.

"तिळाच्या गुणसूत्रांचा मूळ संच तेराचा," ती म्हणाली. "साध्या तिळात दोन संच, म्हणजे सव्वीस. माझ्या तिळात चार, म्हणजे बावन्न. संच असे वाढूनही निसर्गात नव्या जाती घडतात. परवा कॉलेजच्या समितीनं माझ्या सहाही कुंड्यांतली रोपं तपासली. सगळ्यांत एकोणचाळीस! माझे गाईड डॉ. आशुतोष म्हणाले, आकडे बनावट आहेत. आता नोंदणी रद्द होणार."

"रोपं कुणीतरी बदलली असतील," दिलीपराव म्हणाले. "पण सिद्ध कसं करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कॉलेजच्या ग्रीनहाऊसमध्ये गेली. वैजयंतीबाईंनी कुंडीतलं एक बोंड दाबलं. पोकळ. दुसरंही पोकळच.

"तुझ्या तिळाला दाणे धरायचे?"

"हो. त्यातूनच तीन पिढ्या वाढवल्यात."

ग्रीनहाऊसची किल्ली आणखी तिघांकडे होती.

"माझा विषय शेवाळ," संशोधक क्षिप्रा म्हणाली. "तिळातलं मला काही कळत नाही. सर तिळावर मोठा पेपर लिहितायत, पण मसुदा कुणाला दाखवत नाहीत."

भैरू माळी वैतागला होता. "आमी फक्त पानी घालतो. गेल्या हंगामात सरांच्या साध्या तिळाच्या कळ्यांना कागदी टोप्या होत्या. तिकडं फिरकू नको म्हनले, नाय फिरकलो."

डॉ. आशुतोष हसले. "तिच्या कुंड्यांना मी कधी हात लावला नाही. बावन्नचा तीळ जगातच नाही, मॅडम. तिचा बाप मार्केटात गोण्या उचलतो. पोरीला वर यायची घाई झाली होती."

ज्ञानेश्वरीनं मुठी आवळल्या.

दुपारी सगळे प्राचार्यांच्या केबिनमध्ये जमले.

"एकोणचाळीस म्हणजे तीन संच," वैजयंतीबाईंनी सुरुवात केली. "बी धरताना आई आणि बाप आपापली निम्मी गुणसूत्रं देतात. साधा तीळ देतो तेरा. उरलेली सव्वीस कोण देणार? बावन्नचाच तीळ! डॉक्टर, जो जगातच नाही म्हणता, त्याचीच ही लेकरं."

"अपघातानंही तीन संच होतात!"

"एखाद्या रोपात होतील. सहाच्या सहा कुंड्यांत? शिवाय तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून दाणे भरत नाहीत. तीन पिढ्या दाण्यांवर वाढलेला ज्ञानेश्वरीचा तीळ हा नव्हेच. कळीला टोपी घालतात ती दुसरे पराग लागू नयेत म्हणून. तुम्ही तिच्या तिळाचे पराग आणून आपल्या तिळाला लावलेत. त्या बियांची रोपं वाढवलीत आणि तिच्या कुंड्यांत लावलीत."

"पण यांना काय फायदा?" दिलीपराव गोंधळले.

"मसुदा बघा."

प्राचार्यांनी तिथल्या तिथे तो मागवला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: मला आढळलेला बावन्न गुणसूत्रांचा तीळ.

"ती खोटी ठरून बाहेर गेली, की शोध यांचा!" वैजयंतीबाईंचा आवाज चढला.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "आपसात मिटवू. नोंदणी चालू ठेवतो मी तिची."

"तुम्ही ठेवणारे कोण?" ज्ञानेश्वरी उसळली.

प्राचार्यांनी डॉक्टरांचं कपाट उघडायला लावलं. आत तिळाच्या बियांची पाकिटं होती, वरचं अक्षर ज्ञानेश्वरीचं. त्याच दिवशी डॉक्टरांना निलंबनाचं पत्र मिळालं.

ज्ञानेश्वरी पाकिटं घेऊन निघाली, तेव्हा दिलीपराव म्हणाले, "झालं ना सगळं? आता तरी शांत हो, पोरी."

"नाही काका. सरांच्या हाताखालून आधी दोन मुली पीएचडी अर्धवट सोडून गेल्यात. त्यांचे नंबर काढलेत. आधी त्यांना फोन करते."